चहा, आजोबा आणि साखर

'चहा प्या, स्मृतिभ्रंश टाळा' असा फॉरवर्ड आला आणि ग्रुपवर सगळे खूश. मी सोडून. आमचे डोंबिवलीचे आजोबा आयुष्यभर दिवसाला पाच कप प्यायले. आता रिकामा कप खाली ठेवतात आणि आईला विचारतात, "अगं, चहा झाला का?"

मूळ अभ्यास वाचला. २०२१ चा, ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांवर लोकांचा. रोज २-३ कप चहा आणि २-३ कप कॉफी घेणाऱ्यांत धोका २८ टक्के कमी दिसला. 'दिसला', बरं का! डिप्लॉय केलं त्याच दिवशी सर्व्हर पडला म्हणजे आपल्याच कोडने पाडला असं नसतं. (कधीकधी असतं.)

लॅन्सेटच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये बदलता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. त्यात चहाचं नावच नाही. मधुमेह आहे, कमी ऐकू येणं आहे, एकटेपणा आहे. आणि आपण कपात दोन चमचे साखर घालतो!

आजोबांचं कानाचं मशीन दोन वर्षं कपाटात पडून होतं. शनिवारी ते लावून त्यांना फडके रोडला नेलं. जुने मित्र भेटले, तासभर गप्पा.

घरी येताच चहा मागितला. मी आधण ठेवलं, बिनसाखरेचं.