सगळ्यात हळू चालणाऱ्याची सहल

हिवाळी सहलीचा विषय निघाला की आपल्या मंडळात दोन तट पडतात. एक म्हणतो अनंतगिरीला जाऊ. दुसऱ्याला थेट गाडी करून महाराष्ट्र गाठायचा असतो, हरिश्चंद्रगड नाहीतर कळसूबाई. केबीआर पार्कचं नाव काढलं की मात्र दोन्ही तट एक होऊन हसतात, "ते तर अंकल लोकांचं मॉर्निंग वॉक!" माझं म्हणणं आहे की यंदा आपण तिथेच जावं. आणि हे मी "दुसरं काही जमत नाही तर निदान ते तरी" अशा सुरात म्हणत नाहीये.

आपल्या हसण्यामागे एक समजूत आहे. ट्रेक म्हणजे चढण, घाम, थोडी भीती आणि वर पोचल्यावरचा फोटो. सह्याद्री नाही म्हणून हैदराबादच्या मराठी पोरांनी हळहळायचं ही तर रीतच झालीय. पण वयाच्याच गोष्टी करायच्या तर सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. केबीआरमध्ये जो ग्रॅनाइट आपल्या पायाखाली येतो तो जवळजवळ अडीचशे कोटी वर्षांचा आहे. मान द्यायचाच असेल तर इथल्या दगडालाही द्यायला हरकत नाही.

बंजारा हिल्स आणि ज्युबिली हिल्सच्या मधोमध हे साडेतीनशे एकरांच्या आसपासचं रान उरलंय. आत निजाम घराण्याचा चिरान पॅलेस आहे, १९४० सालचा. १९९८ मध्ये या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि माजी मुख्यमंत्री कासू ब्रह्मानंद रेड्डी यांचं नाव दिलं गेलं. आपल्यापैकी कितीतरी जणांचे पणजोबा मराठवाड्यातले, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाचीच रयत. ज्या आवाराच्या फाटकापाशी त्यांना कुणी उभं केलं नसतं, तिथे आज आपण तिकीट काढून मोर बघतो. मला तरी ही गोष्ट साधी वाटत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या मंडळात एक मैत्रीण आहे, तिला दमा आहे. तीन वर्षांत ती एकाही सहलीला आली नाही. दर वेळी "घरी पाहुणे आहेत" म्हणते, आणि दर वेळी आपण "अरेरे" म्हणून बस ठरवतो. तिला आपण कधी नको म्हटलं नाही, हे खरं. पण जागाच अशी निवडली की तिने स्वतःच नको म्हणावं. सहल कुठे न्यायची हे आपण सगळ्यात दमदार गड्याकडे बघून ठरवतो. ते सगळ्यात हळू चालणाऱ्याकडे बघून ठरवायला हवं, एवढंच मला म्हणायचंय.

तसं ठरवलं की नियोजन बदलतं. गोल फेरीत एक मेख असते. अर्ध्यावर दमलेल्या माणसाला मागे फिरूनही तेवढंच चालावं लागतं आणि पुढे जाऊनही तेवढंच. म्हणून "जमतंय का?" हे पहिल्या किलोमीटरलाच विचारायचं, तिसऱ्याला नाही. फेरी पाच-सहा किलोमीटरची धरली तर नेहमीच्या चालीने दीड तास लागेल. थांबत, झाडं बघत चाललो तर सव्वादोन तास धरावेत. उद्यान सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळातच उघडं असतं, म्हणून उशिरा निघून चालत नाही. हळू चालणारा पुढे ठेवायचा, बाकीच्यांनी त्याच्या मागे. पाण्याच्या बाटल्या घरून आणायच्या आणि घरीच न्यायच्या. स्पीकर नको आणि मोरांना बिस्किटं नकोत. आणि जी येईल तिला "तुला झेपेल ना गं?" असं चारचौघांत विचारायचं नाही.

तुम्ही म्हणाल, बाग कुठे पळून जातेय, पुढच्या वर्षी जाऊ. इथेच मला काळजी वाटते. २०१६ मध्ये या पार्कभोवती उड्डाणपुलांची योजना आली होती. हजाराहून जास्त झाडं जाणार होती. लोक रस्त्यावर उतरले, हरित लवादाने स्थगिती दिली. २०२० मध्ये पार्कच्या कडेचा संवेदनशील पट्टा काही ठिकाणी फक्त ३ मीटरवर आला. २०२४ मध्ये भोवतालच्या सहा चौकांसाठी उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग पुन्हा मंजूर झाले. आणि कांचा गच्चीबावलीची ४०० एकर जमीन तर आपल्या डोळ्यांसमोरची. २०२५ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने थांबवलं, तोवर बुलडोझर बरंच काम करून गेले होते.

ट्रॅफिकचा त्रास मलाही होतो, चेकपोस्टच्या सिग्नलला मीही वैतागते. पण पार्कची कड म्हणजे नुसती कड नाही. आत जायला तिकीट लागतं, बाहेरचा वॉकवे फुकट आहे. तिथे ड्रायव्हर चालतात, घरकामाला निघालेल्या बाया घटकाभर टेकतात, जवळच्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या पेशंटचे नातेवाईक फेऱ्या मारताना दिसतात. ज्यांना कळसूबाई कधीच जमणार नाही त्यांचं जंगल हेच. कड गेली की आधी त्यांचं जाईल.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना आपण 'सुबोध बायबल'साठी आणि २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. आमचं घर वसईचं. तिथल्या लोकांना ते हरित वसईच्या लढ्यासाठी आधी आठवतात. साहित्य मंडळाने झाडांच्या भानगडीत कशाला पडायचं, असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर. आणि जी जागा आपण कधी पायांनी पाहिलीच नाही, तिच्यासाठी उद्या पत्र तरी कोणत्या तोंडाने लिहिणार?

तर माझा प्रस्ताव असा. डिसेंबरचा दुसरा शनिवार, सकाळी सात, ज्युबिली हिल्स चेकपोस्ट मेट्रो स्टेशन. मेट्रो आहे म्हणजे बसची वर्गणी नाही, "पैसे नाहीत" म्हणायचीही कुणावर वेळ नाही. फेरी झाली की चहा, आणि चहावर हवं तर कवितावाचन. कळसूबाई जानेवारीत करा, मी पण येईन. पण मंडळाची म्हणून जी सहल असेल, तिच्यात सगळं मंडळ असावं.