लाडबोरीचे कडे आणि आमची मुले

२ एप्रिल २०२२ च्या रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे आकाशातून धातूचे मोठे कडे पडले. तो चिनी रॉकेटचा अवशेष असावा, असे अभ्यासकांनी सांगितले. आकाशात दिसलेला तो जाळ कशाचा, असे विचारले की मुले पाठ केलेले उत्तर देतात: हवेशी घर्षण. जाणता आकाशनिरीक्षक एवढ्यावर सोडत नाही. सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येणाऱ्या वस्तूपुढील हवेला बाजूला सरण्यास सवड मिळते काय, असे तो विचारतो. ती दाबली जाते, म्हणून तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो तशीच. मग मूलच विचारते, तर कडे वितळले कसे नाही? खरे भौतिकशास्त्र येथे सुरू होते.

पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत १९४४ पासून हौशी मंडळी एकमेकांकडून शिकत आली आहेत. भामरागडच्या मुलाला पुणे दूर आहे; मोबाईलवरून (रेंज असेल तेव्हा) तेथील जाणत्याशी बोलणे मात्र शक्य आहे. म्हणून वसतिगृहातील सरसकट मोबाईलबंदी आम्हांस मान्य नाही. पालकांची भीती रास्त आहे. तरी आठवड्यातून एक तास, विज्ञानशिक्षकांच्या समक्ष, मुलांना द्यावा. अभियंते झालेल्या माजी विद्यार्थ्यांनीही त्या तासाला पलीकडे असावे. उत्तर सांगण्याची घाई तेवढी करू नये.