ज्याच्या नावे सातबारा नाही

उमरगा तालुक्यातील मुरुम आणि आसपासच्या शिवारात तूर फुलोऱ्यातून शेंगांवर येऊ लागली की घाटेअळीच्या धास्तीने फवारणीची जी एकच धांदल उडते, तीत पुरुषभर उंचीच्या पिकातून पाठीवर पंप घेऊन वाट काढणारा इसम पुष्कळदा त्या शेताचा धनी नसतो. तो असतो सालगडी, किंवा पंपामागे ठरलेल्या मजुरीवर आलेला रोजंदार. मजुरी पंपाच्या हिशेबाने ठरली म्हणजे वारा पडेपर्यंत थांबणे, हात धुणे, नळीत अडकलेला कचरा तोंडाने न फुंकता शांतपणे काढणे, ही सारी सावधगिरी त्याच्याच मिळकतीतून वजा होते. पीक डोक्याएवढे असले की तुषार तोंडावर उतरतात, झाकणातून ओघळलेले द्रावण सदरा भिजवते, आणि घामेजलेल्या त्वचेतून ते बिनबोभाट शरीरात शिरते.

याचा भयंकर परिणाम महाराष्ट्राने 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पाहिला. त्या वर्षी माणसाएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, कित्येकांची दृष्टी काही काळ अंधारली. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, डायफेन्थियुरॉन अशी नावे तेव्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. दोन-तीन विषे एकाच टाकीत कालवलेली असल्यामुळे नेमका उतारा कशावर द्यावा, हा वैद्यांपुढे पेच होता. कारण सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषावर ॲट्रोपिन चालते, पण प्रत्येक विषाला असा उतारा उपलब्ध नसतो. शासनाने विशेष तपास पथक नेमले. परंतु सार्वजनिक चर्चेचा कल मात्र मजुराच्या अज्ञानाकडे व निष्काळजीपणाकडेच राहिला, आणि हा आरोप मला उघड अन्यायाचा वाटतो. भादव्याच्या उकाड्यात रबरी हातमोजे व मुखपट्टी बांधून दिवसभर राबणे म्हणजे काय, हे त्या उपदेशकांनी एकदा अनुभवून पाहावे!

शिवाय कायद्याने हे ओझे केवळ मजुराच्या शिरावर कधीच ठेवलेले नाही. 1958 साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभराहून अधिक बळी घेतल्यानंतर जी चौकशी झाली, तिची परिणती 1968 च्या कीटकनाशक अधिनियमात झाली. आणि 1971 च्या नियमांत संरक्षक पोशाख, श्वसनसाधने, प्रथमोपचार, कामावर घेण्यापूर्वी व नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी, तसेच उत्पादक व वितरकांनी द्यावयाचे प्रशिक्षण, अशी सविस्तर तजवीज आहे. अर्धशतक उलटून गेले तरी ती दप्तरातून बांधावर उतरलेली नाही. मोनोक्रोटोफॉसचीच गत पाहा: 2013 मध्ये बिहारात शाळेच्या भोजनातून त्याने तेवीस बालके नेली, 2017 मध्ये यवतमाळात त्याचे नाव पुढे आले, आणि त्याच्या 36 टक्के द्रावणावर केंद्राची बंदी आली ती 2023 मध्ये.

जे गेले त्यांच्या कुटुंबांचा प्रश्न याहून कठीण आहे. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा अपघात म्हणून मान्य आहे आणि मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. पण पात्रता खातेदार शेतकऱ्याची व त्याच्या कुटुंबातील एका सदस्याची. ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नाही, तो त्याच शेतात, त्याच विषाने पडला तरी या योजनेला तो दिसत नाही. धोका मजुराने पत्करावा आणि संरक्षण मात्र सातबाऱ्याला मिळावे, ही वाटणी कोणत्या न्यायात बसते?

म्हणून मुरुम परिसरातील शेतधन्यांना एक विनंती आहे: यंदापासून फवारणीची मजुरी पंपावर न ठरवता दिवसावर ठरवावी, आणि साबण व स्वच्छ पाण्याची घागर बांधावर ठेवावी; याला शासननिर्णय लागत नाही. आणि शासनाकडे मागणी एवढीच की, या योजनेच्या पात्रतेत भूमिहीन शेतमजुराचा समावेश पुढच्या खरिपापूर्वी व्हावा.