चलन म्हणजे निकाल नव्हे!

सिग्नलवरचा कॅमेरा जात विचारत नाही, हे आधी प्रांजळपणे मान्य करू. चौकात शिट्टी मारून गाडी बाजूला घ्यायला लावणारा हवालदार लायसनवरचे आडनाव वाचायचा, रिक्षेवरचे ‘जय भीम’ बघायचा आणि मग पावती किती रुपयांची ते ठरवायचा. हा अनुभव आपल्या वस्त्यांतील कित्येकांच्या गाठी आहे. २०१६ पासून मुंबईत आणि पुढे राज्यभर ई-चलन आले, तेव्हा हा एक जाच तरी सुटला असे वाटले. शिवाय लाल दिवा तोडणे हा काही पराक्रम नव्हे. पहाटे तो चौक पायी ओलांडणारी सफाई कामगार भगिनी आपलीच असते.

पण कॅमेऱ्याने फोटो काढला की गुन्हा शाबीत झाला, असा जो समज पसरवला गेला आहे तो साफ खोटा आहे.

आमच्या शेजारचा एक भाऊ भाड्याची रिक्षा चालवतो. चलन जाते मालकाच्या मोबाईलवर. मालकाने काही महिन्यांची चलने एकदम काढली आणि रोजच्या कमाईतून पैसे कापायला सुरुवात केली. ‘फोटो बघितलास का?’ असे विचारले, तर म्हणाला, ‘फोटो पण असतो व्हय, दादा?’ पोर्टलवर बघितले, तर एका फोटोत रिक्षाच दुसरी! नंबरातला तीनचा आठ वाचला गेला होता. तेवढे पैसे मात्र आधीच कापून झाले होते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. शंभर रुपयांचा साधा दंड पाचशे झाला, पुन्हा चुकले तर पंधराशे. लाल दिवा ओलांडणे तर कलम १८४ खाली ‘धोकादायक वाहन चालवणे’ ठरले. तिथे एक ते पाच हजार दंड आणि कैदेचीही तरतूद. राज्यात वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाला. बंगलेवाल्याला पाचशे म्हणजे एका वेळचे हॉटेल, रिक्षावाल्याला घरातली चूल. त्याच २०२१ साली केंद्राने नियम १६७-अ आणला. यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र हवे, कॅमेरा असल्याची पाटी हवी, नोटीस पंधरा दिवसांत निघाली पाहिजे आणि चलन निकाली निघेपर्यंत पुरावा जपला पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. दंडाचा अर्धा कायदा सरकारला तोंडपाठ. हा दुसरा अर्धा कुणी सांगितला आपल्याला?

जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप पुकारला. त्यांच्या संघटना आहेत, मंत्री त्यांना चर्चेला बोलावतात. आपला रिक्षावाला एकटा असतो. मग तो एक तर मुकाट्याने भरतो, नाही तर मेसेज पुसून टाकतो. दोन्ही चूक. फोटो, वेळ, ठिकाण तपासा. चूक आपली असेल तर भरा. नसेल तर पोर्टलवर तक्रार करा, नाही तर न्यायालयात उभे राहा. लोकअदालतीची नोटीस आली तर एवढे ध्यानात ठेवा, की तिथे तडजोड होते आणि तिच्यावर अपील नाही. गुन्हाच केला नसेल तर तडजोड कशाची?

वकील परवडत नाही ही सबब चालणार नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही तो लागू आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सनदशीर मार्गाचा आग्रह धरला. तो मार्ग तालुक्याच्या कोर्टातूनही जातो.

तेव्हा शाखांच्या पदाधिकाऱ्यांनो, येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडा. कॉलेजात शिकणारी दोन पोरे मोबाईल घेऊन बसवा. ज्याची गाडी असेल त्याचा आरटीओत नोंदवलेला मोबाईल नंबर आणि पत्ता आधी बघा. बहुतेकांचा जुनाच निघेल.