पिंजऱ्यातला उंदीर आधी तपासा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने, म्हणजे लेप्टोने, बळी घेतले, तेव्हापासून हा आजार शहराच्या ओळखीचा झाला आहे. उंदरांच्या मूत्रातले जिवाणू तुंबलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या साध्या खरचटण्यातून शरीरात शिरतात. म्हणूनच अशा पाण्यातून चालून आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे, असे महापालिका पावसाळ्यात सांगते. लेप्टोच्या आधी उंदीर म्हटले की प्लेग आठवायचा. या दोन रोगांच्या सावलीत तिसरी गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणूही उंदरांच्या आतड्यांत राहतात. उंदीर मारण्याचा हिशेब आपण ठेवतो. त्यांच्या पोटात काय आहे याचाही नियमित हिशेब ठेवला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रानातल्या उंदराला कोणी औषध देत नाही. तरीही १९९९ साली वायव्य इंग्लंडमधल्या रानउंदरांच्या आतड्यांत प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू सर्रास सापडले. दोनच वर्षांनी फिनलंडच्या संशोधकांनी तिथले मूस, हरणे आणि रानउंदीर तपासले, तर असा प्रतिकार जवळजवळ नव्हताच. मातीतल्या सूक्ष्मजीवांमध्ये औषधप्रतिकार मुळातच असतो, माणसाने औषधे शोधण्याच्या कितीतरी आधीपासून असतो, हे मान्य. पण तेवढ्याने या दोन निष्कर्षांतली तफावत उलगडत नाही. माणसांची व गुरांची वस्ती जिथे दाट, तिथल्या प्राण्यांत प्रतिकार अधिक, हा अर्थ मला जास्त पटतो. शहरांतले पुरावे त्याच दिशेला बोट दाखवतात. बर्लिनच्या उंदरांत अनेक औषधांना पुरून उरणारे ई-कोलाय मिळाले. व्हँकूव्हरच्या एका गरीब वस्तीतल्या उंदरांमध्ये मेथिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस मिळाले आणि त्यांतले काही प्रकार माणसांत आढळणारेच होते. म्हणजे उंदराने आपल्याला काही देण्याआधी आपणच त्याला बरेच काही दिले असण्याची शक्यता मोठी आहे: सांडपाण्यातून, उघड्या कचऱ्यातून, इस्पितळांमागच्या गटारांतून.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. उंदरांमुळे असे जिवाणू माणसात किती प्रमाणात येतात, याचा भक्कम पुरावा कुठे आहे? तो थोडाच आहे. औषधप्रतिकार वाढतो तो मुख्यतः आपल्या हातून. चिठ्ठीशिवाय विकलेल्या गोळ्या, अर्धवट सोडलेले उपचार, कोंबड्यांच्या खाद्यातली औषधे आणि इस्पितळांतला संसर्ग यांचा दोष उंदरांवर ढकलता येणार नाही. पण तपासणीची गरज त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. गटार, मंडई, धान्याचे गोदाम आणि झोपडीतली चूल या सगळ्यांत वावरणारा दुसरा प्राणी आपल्याकडे क्वचितच सापडेल. त्याच्या आतड्यात जे मिळेल, ते त्या परिसराच्या घाणीत आधीच मुरलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे: तपासण्या कसल्या करता, मारून टाका. उंदीर मारणे थांबवा असे मी म्हणत नाही. पण व्हँकूव्हरमध्ये सापळे लावून उंदीर मारल्यानंतर त्याच भागात उरलेल्या उंदरांत लेप्टोचे जिवाणू असण्याची शक्यता कमी न होता वाढली. कळप विस्कटला की उंदरांची पळापळ आणि आपसांतली मारामारी वाढते, संसर्गही पसरतो, असे त्यामागचे कारण संशोधक सुचवतात. शिवाय मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. कचरा उघडा राहिला तर मोकळी झालेली बिळे लवकरच पुन्हा भरतात.

उंदीर तपासणे मुंबईला परकेही नाही. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत हजारो उंदीर चिरून पाहिले आणि प्लेग उंदरांतून माणसांत कसा येतो हे पिसवांच्या साखळीसह सिद्ध केले. केंद्राच्या २०१७ च्या औषधप्रतिकारविषयक कृती आराखड्यातही माणूस, जनावरे आणि पर्यावरण यांचा एकत्रित विचार आहे. मग महापालिकेचे रात्रपाळीत उंदीर मारणारे कर्मचारी आणि पिंजरे यांच्याकडून हाती येणाऱ्या उंदरांपैकी काहींच्या आतड्यांतले नमुने वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांकडे का जाऊ नयेत? सुरुवात मोठ्या इस्पितळांच्या, मंडयांच्या आणि कत्तलखान्यांच्या परिसरातून करावी, आणि नमुने हाताळणाऱ्यांना हातमोजे व गमबूट पहिल्या दिवसापासून द्यावेत.