परमिट कोण शिकवणार?

महावितरणने अलीकडच्या एका मोठ्या भरतीत विद्युत सहाय्यकाच्या 5347 जागा काढल्या. दहावी, त्यावर आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड, मग ऑनलाइन परीक्षा. तीन वर्षं मानधनावर काढायची, मग तंत्रज्ञ म्हणून कायम होण्याची आशा. गावाकडच्या मुलाला याहून चांगलं काय हवं? तयारीचे क्लास निघाले ते उगाच नाही. तिथे बुद्धिमापन चाचणीपासून ओहमच्या नियमापर्यंत सगळं घोटून घेतात. खांब तेवढा नसतो. तेलंगणात ज्युनिअर लाईनमनच्या भरतीत उमेदवाराला खांबावर चढून दाखवावं लागतं. आपल्याकडे आधी पेपर, खांब नंतर.

तरी चढणं हा त्यातला सोपा भाग. 11 केव्हीच्या लाईनचा जंपर तुटलाय असं धरा. आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी, घ्यायचं; कोणता फीडर, कुणाच्या नावावर बंद, हे त्याच्या वहीत उतरलं पाहिजे. मग एबी स्विच उघडायचा आणि तिन्ही पाती सुटली का ते खालून नीट बघायचं, कारण गंजलेल्या स्विचचं एखादं पातं हटकून चिकटून राहतं. मग लाईन मेली का ते तपासायचं आणि डिस्चार्ज रॉड लावायचा. त्याची अर्थिंग आधी जमिनीला, आकडे नंतर एकेका तारेवर. काढताना बरोबर उलट. बंद लाईनला एवढे सोपस्कार कशाला, असं नवख्याला वाटतं. पण गावात कुणी घर लाईनपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर सुरू केला, तर तीच वीज डीपीतून, म्हणजे गावच्या रोहित्रातून, उलटी चढून 11 हजार व्होल्टची होते आणि वर बसलेल्याला गाठते.

हे सगळं पुस्तकात आहे. अंगवळणी पडतं ते मात्र जुन्या लाईनमनच्या हाताखाली, त्याच्या शिव्या खात. वीज मंडळाच्या काळात लागलेली ती पिढी आता निवृत्त होते आहे आणि तिच्या जागी बरेचदा बाह्यस्रोत कामगार येतो. कंत्राटदार बदलला की माणसं बदलतात. मग कुणी कुणाला शिकवायचं? त्यात वळवाचा पाऊस झाला की गावातून फोनवर फोन, वरून साहेबांचा तगादा, आणि परमिट वहीत उतरण्याऐवजी ‘बंद केलंय, चढ’ एवढ्यावर आटोपतं.

2020 साली बीड जिल्ह्यातल्या एका महिला तंत्रज्ञाचा व्हिडिओ देशभर फिरला. शिडीशिवाय सरसर खांबावर चढणारी ती बाई पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिची हिंमत वादातीतच. पण शिडी कुठे होती, हे विचारावंसं फारसं कुणाला वाटलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक विभागात एक सरावाचं यार्ड हवं: चार-सहा खांब, एबी स्विच, एक डीपी, आणि वीज नसलेली लाईन. याला फार पैसा लागणार नाही, कारण बदललेले खांब आणि जळकी रोहित्रं स्टोअरच्या आवारात पडून असतात. शिकवायला निवृत्त लाईनमन घ्यावेत, रीतसर मानधन देऊन. तिथला दाखला नसेल तर कंत्राटी मुलालाही खांबाला हात लावू देऊ नये, आणि शिकण्याच्या दिवसांची मजुरी कंत्राटदाराने भरावी. ही शेवटची अट निविदेतच घालावी लागेल, नाहीतर ती कागदावरच राहील.

सौर कामालाही हेच लागू. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य 1 कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनल बसवण्याचं आहे. घरचा मेन स्विच पाडला की सगळं मेलं, या सवयीचा वायरमन छतावर फसतो. ऊन आहे तोवर पॅनलच्या वायरी जिवंतच असतात.

आणि ही मुलं जिथून येतात त्या शाळांचं काय? डिसेंबरात ऊर्जा संवर्धन दिन आला की मुलांना चित्रं काढायला बसवतात. त्याऐवजी नववी-दहावीचा एक वर्ग जवळच्या सबस्टेशनवर न्यावा, मुलींसकट. दहावीनंतर काय, या प्रश्नाचं एक उत्तर तिथे कुंपणाआत उभं असतं. आणि 2021 पासून 4 मार्चला लाईनमन दिवस साजरा होतो. त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन निवृत्त लाईनमनला घरी धाडण्यापेक्षा नव्या मुलांची पहिली तुकडीच त्याच्या ताब्यात द्यावी.