नाव मोठे, लक्षण खोटे

दिवाळी जवळ आली की आमच्या मराठी वर्गात दिव्यांचा विषय निघतोच. यंदा मात्र तो पणत्या आणि आकाशकंदिलावरून थेट समुद्राच्या तळाशी गेला. वरच्या वर्गातले आम्ही चौघे आता स्कूबा शिकलो आहोत. त्यामुळे घरोघरी 'या वर्षी मुलांना पाण्याखालचा एक झकास एलईडी दिवा घेऊ' अशी बोलणी चालू आहेत. ती आमच्या कानावर आली, म्हणून हा लेख. आमचे मत एवढेच आहे: एक भला मोठा दिवा घेऊ नका, दोन साधे घ्या; आणि खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा.

हे शहाणपण आम्हाला मॉन्टरेच्या पाण्यात आले. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या बाबांबरोबर आम्ही सॅन कार्लोस बीचवरून रात्रीची बुडी मारली. बाबा गेली कित्येक वर्षे डायव्हिंग करतात. आमच्यातल्या एकाकडे नवा कोरा दिवा होता आणि त्याच्या खोक्यावर 10,000 ल्युमेन असे छापले होते. काठावर त्याने तो लावला तेव्हा धक्क्यावरचे सी लायनसुद्धा दिपून गप्प बसतील असे वाटले. पाण्याखाली मात्र समोर नुसती पांढरी भिंत! मॉन्टरेचे पाणी म्हणजे बारीक कणांचे आणि प्लवकांचे. ब्रेकवॉटरजवळ पुष्कळदा 10 ते 20 फुटांपलीकडचे दिसत नाही. रुंद झोत या सगळ्या कणांवर पडतो आणि उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. दाट धुक्यात मोटारीचा हाय बीम लावला की रस्ता दिसेनासा होतो, तसाच हा प्रकार.

पुढे तर गंमतच संपली. वीसेक मिनिटांनी तो दिवा मंद होत होत विझला. एवढा मोठा दिवा असताना आणखी एक कशाला, म्हणून दुसरा दिवा स्वारीने गाडीतच ठेवला होता, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी बाबांनी विचारले तेव्हा नुसती मान डोलावली होती! शेवटी जोडीदाराचा हात धरून, त्याच्या दिव्याच्या उजेडात सगळे वर आलो. कोणाला काही झाले नाही. पण त्या काळ्याकुट्ट थंड पाण्यात पोटात कसा गोळा येतो, ते आम्ही विसरणार नाही.

यात सगळा दोष त्या दिव्याचा नाही. आम्हीच आकड्याला भुललो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून चहूकडे मिळून किती उजेड बाहेर पडतो त्याचे माप. तो उजेड एका जागी किती एकवटला आहे, हे त्यातून कळत नाही. ते ठरते झोताच्या कोनावर. 10 ते 15 अंशांचा अरुंद झोत गढूळ पाण्यात काठीसारखा सरळ जातो आणि खडकाच्या फटीतला ऑक्टोपस दाखवतो. 100-120 अंशांचा रुंद झोत व्हिडिओसाठी आणि स्वच्छ पाण्यासाठी चांगला. हवाईच्या नितळ पाण्यातली चित्रे पाहून मॉन्टरेसाठी दिवा घेणे म्हणजे राजस्थानातल्या माणसाला विचारून कोकणासाठी छत्री घेण्यासारखे आहे.

दुसरा फसवा आकडा तासांचा. अमेरिकेत 2009 साली टॉर्चसाठी एफएल-1 नावाचे प्रमाण आले. त्यात दिवा 'चालतो' याचा अर्थ, सुरुवातीचा उजेड एक दशांशावर येईपर्यंत तो चालतो. म्हणजे खोक्यावर 'दोन तास' लिहिले असले तरी दोन्ही तास सारखाच उजेड पडेल असे नाही. शिवाय 'दोन तास' मोठ्या उजेडावर की लहान, हेही पाहावे लागते. आम्ही म्हणतो, आपली बुडी पाऊण तासाची असेल तर पूर्ण उजेडावर निदान दीड तास चालणारा दिवा घ्यावा.

मग साध्या दिव्याने दिसेल का? नक्की दिसेल. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. 30 फुटांवर तो जवळजवळ नाहीसा झालेला असतो आणि लाल समुद्रफूलही करडे दिसते. पण जवळ जाऊन छोटासा दिवा धरला तरी खरा रंग परत येतो, कारण त्या उजेडाला पाण्यातून फार थोडे अंतर जायचे असते. जवळ जायचे काम आपले, दिव्याचे नव्हे.

दुकानात गेल्यावर आणखी दोन गोष्टी पाहा. मॉन्टरेचे पाणी साधारण 50 ते 58 अंश फॅरनहाइट असते, म्हणजे हातात जाड मोजे आलेच. तेव्हा मोजे घालूनच दिव्याचे बटण दाबून पाहा. झाकणाखालची रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, सहज दिसेल आणि पुसता येईल अशी हवी. तिथे एक केस अडकला तरी दिव्यात पाणी शिरते.

दिवा फक्त पाहण्यासाठी नसतो हेही सांगायला हवे. पाण्याखाली तोंडाने बोलता येत नाही. दिव्याने सावकाश गोल काढला की 'सगळे ठीक', झटपट आडवा हलवला की 'मदत हवी'. ज्याचा एकुलता एक दिवा विझला, तो आंधळाही झाला आणि मुकाही. म्हणून रात्रीच्या बुडीला प्रत्येकाजवळ दोन दिवे हवेत, असे शिकवतात. दुसरा दिवा खिशात मावेल एवढा असला तरी चालेल, पण तो पाण्यात आपल्या अंगावर हवा, गाडीत नव्हे.

काही पालक म्हणतात, दोन दिव्यांचा खर्च जास्त. आम्ही हिशेब करून पाहिला. आमच्या मित्राच्या त्या दहा हजारी दिव्याच्या किमतीत एक मध्यम आणि एक छोटा दिवा सहज आला असता. व्हिडिओ काढणाऱ्यांना रुंद झोत लागतो, हे मान्य. पण त्यांनी तो तिसरा दिवा म्हणून घ्यावा.

शेवटी पालकांना एक विनंती. हे दिवे लिथियमच्या बॅटरीवर चालतात. त्या रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. 2 सप्टेंबर 2019 रोजी सांता क्रूझ बेटाजवळ 'कन्सेप्शन' या डायव्हिंगच्या बोटीला पहाटे आग लागून 34 जणांचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला आगीचे नेमके कारण निश्चित करता आले नाही. पण रात्री पहाऱ्याला कोणीही जागे नव्हते, हे मात्र तपासात स्पष्ट झाले. चार्जिंग जागेपणी, डोळ्यांसमोर करावे, एवढा धडा आपण नक्कीच घेऊ शकतो.

तेव्हा आई-बाबा, भेट जरूर द्या. फक्त आधी आम्हाला विचारा आणि पावती जपून ठेवा! कोणाचे मत वेगळे असेल तर त्यांनी पुढच्या अंकासाठी लिहून बाईंकडे द्यावे. आम्ही उत्तर देऊ.

— वरच्या वर्गातील चौघे